बॅटरी उलटी लागली... आप्पा, आता काय?

अखाजी (अक्षय तृतीया) झाली की माझ्याकडे एकाच रोगाची पत्रं येतात. लोक बसने, रेल्वेने गावाला जातात, गाडी अंगणात भाजत उभी राहते, परत आलं की सेल्फ ओढत नाही. मग नवीन बॅटरी येते आणि ती बसवायला घरातलाच कुणीतरी हुशार माणूस पुढे होतो. या वेळी तशी पाच पत्रं आहेत. पहिल्यालाच जास्त जागा देतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आप्पा, मी शिक्षक आहे. २०१४ ची पेट्रोल गाडी, घरात एकच. सासुरवाडीला बसने गेलो होतो, गाडी पंधरा दिवस उन्हात उभी. आल्यावर सेल्फ नुसता टकटक करत होता. बॅटरी चार वर्षांची झाली होती म्हणून नवीन आणली आणि स्वतःच बसवायला घेतली. संध्याकाळ झालेली, लाईट गेलेली, मोबाईलचा उजेड मुलाच्या हातात. एक क्लॅम्प बसत नव्हता, तो स्क्रूड्रायव्हरने फाकवून पान्याने ठोकून बसवला. दुसरा टेकवला तशी मोठी ठिणगी उडाली, जळका वास आला. लगेच ओढून काढला. मग कळलं, प्लस-मायनस उलट झालं होतं. सरळ करून लावलं, पण गाडीत जीवच नाही. हॉर्न नाही, आतला दिवा नाही, मीटरवर काही नाही. चावी सगळा वेळ खिशातच होती. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "गुरुजी, ईसीएम गेला, चाळीस हजार धरून चाला." इंजिनाचा तो कॉम्प्युटर खरंच गेला असेल का? घरी अजून सांगितलेलं नाही.
— एक शिक्षक, ता. पारोळा

उत्तर : गुरुजी, आधी चहा घ्या. नुसतं बोनेट उघडून ईसीएम गेल्याचं कळत असतं, तर मी गेली तीस-पस्तीस वर्षं मीटर घेऊन गाड्यांखाली लोळलो नसतो.

तुमच्याच पत्रातली एक गोष्ट बघा. हॉर्न नाही, आतला दिवा नाही, मीटर नाही. आतला दिवा लावायला ईसीएम लागतो का? नाही. नुसता ईसीएम मेला तर गाडी सुरू होणार नाही, पण हॉर्न वाजेल, दिवा लागेल, सेल्फही बहुतेक फिरेल. इथे सगळं एकदम गेलंय. केळीच्या बागेत एका झाडाला पाणी येत नसेल तर ड्रीपर चोंदलाय का बघतो. अख्खा बागच कोरडा असेल तर कुणी ड्रीपर उघडत बसत नाही, मेन व्हॉल्व्हकडे जातो. तुमच्या गाडीचा मेन व्हॉल्व्ह म्हणजे मेन फ्यूज. तो उडालाय, असं मी इथे अमळनेरला बसून तुम्हाला जवळजवळ खात्रीने सांगतो. आणि उडाला असेल तर त्याला नमस्कार करा, चाकरी करता करता गेला बिचारा.

आता हे झालं कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं काम डोळे उघडे ठेवून करता येईल.

अल्टरनेटर (आपल्याकडे जुनी माणसं अजून त्याला डायनामोच म्हणतात) एसी करंट तयार करतो. बॅटरीला डीसी लागतो. म्हणून त्याच्या पाठीत डायोड प्लेट असते. बहुतेक गाड्यांत तिच्यावर सहा मुख्य डायोड, दोन-दोनच्या तीन जोड्या. डायोड म्हणजे विहिरीच्या पंपाचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकीकडूनच जाऊ देतो. बॅटरी सरळ असते तेव्हा हे सहाही व्हॉल्व्ह बॅटरीच्या बाजूने बंद असतात, म्हणून गाडी उभी असताना बॅटरीतला करंट अल्टरनेटरमधून वाहून जात नाही. बॅटरी उलटी लावली की सहाच्या सहा एकदम उघडतात आणि प्लसची जाड केबल सरळ बॉडीला टेकवल्यासारखं होतं. शेकडो अँपिअर वाहतात. ती ठिणगी याचीच. अल्टरनेटरची ही जाड वायर चावीमधून येत नाही, बॅटरीकडून मेन फ्यूजमार्गे थेट येते. म्हणून चावी खिशात होती तरी हे घडलं.

पण चावी खिशात होती हेच तुमचं नशीब. ईसीएमची मुख्य लाईन रिलेमधून (करंटने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) जाते आणि चावी फिरवल्याशिवाय तो रिले ओढत नाही. त्याला कायम मिळतो तो मेमरीपुरता बारीक पुरवठा, तोही मेन फ्यूजच्या पलीकडून. फ्यूज क्षणात तुटला की मागचं सगळं सुटतं. ईसीएम जातच नाही असं मी म्हणत नाही. मी गेलेले बघितलेत. पण त्यातले बरेचसे पहिल्या चुकीने गेलेले नव्हते, नंतर घाबरून केलेल्या खटपटीने गेलेले होते.

म्हणून लगेच नवीन मेन फ्यूज टाकून बॅटरी जोडू नका. डायोड जळतो तेव्हा बहुतेक वेळा तुटत नाही, शॉर्ट होतो, म्हणजे व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी उघडा राहतो. अशा वेळी बॅटरी अगदी सरळ लावली तरी तोच शॉर्ट पुन्हा होतो आणि नवीन फ्यूजही जातो. मग कुणीतरी शहाणा फ्यूजच्या जागी जाड वायर टाकतो. मग वायरिंग जळतं. मग चाळीस हजार खरे होतात.

हे मी स्वतः करून बसलोय. १९९१ साली धुळ्याला आग्रा रोडवर उस्तादांच्या हाताखाली होतो. एका जीपला बॅटरी बसवायला सांगितली. लाईट गेलेली, मी घाईत, उलटी लावली. त्या जीपला मेन फ्यूज वगैरे काही नव्हतं. धूर आला, केबल ओढली. कुणी बघितलं नाही असं वाटलं, म्हणून पटकन सरळ करून लावली आणि बाजूला झालो. दहा मिनिटांनी उस्ताद आले. इंजिन सकाळपासून बंद. त्यांनी सवयीने अल्टरनेटरवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "काय व्हयनं रे?" तोवर सरळ लावलेल्या बॅटरीने मेलेल्या डायोडमधून वायरिंगचा अर्धा गठ्ठा वितळवला होता. डायोड प्लेटचे पैसे पगारातून गेले, वायरिंग रात्रभर बसून मीच ओढलं. बंद गाडीचा अल्टरनेटर गरम लागला तर डायोड गेलेला असतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही.

तर गुरुजी, काम असं करा. स्वतः केलंत तरी चालेल, नाहीतर हे पान घेऊन गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एखाद्या वायरमनकडे जा. गॅरेजवाला आणि वायरमन यांत फरक असतो हे लक्षात ठेवा. साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल, काही शे रुपयांत मिळतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट घ्या आणि त्याला हातभर दोन वायरी जोडून ठेवा. जुन्या सायकल ट्यूबचा तुकडाही जवळ असू द्या.

दोन्ही केबल सोडा, आधी मायनस. बॅटरी फुगली आहे का, खांब वितळलेत का, कुठून पाणी झिरपतंय का ते बघा. मग मीटर लावा, लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर. १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी ठीक. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या. आकड्याच्या आधी वजाची खूण दिसली तर थांबा आणि खाली भुसावळकरांचं उत्तर वाचा.

आता अल्टरनेटरच्या पाठीमागे नटाने आवळलेली जाड वायर असते ती सोडा, टोकाला सायकल ट्यूब गुंडाळून बाजूला बांधून ठेवा. मीटर डायोडच्या खुणेवर आणा. लाल टोक अल्टरनेटरच्या अंगावर, काळं त्या बोल्टवर ठेवलं की ०.८ ते १ च्या आसपास आकडा यावा, कारण मध्ये दोन डायोड एकामागे एक आहेत. टोकं उलट केली की मीटरने काहीच दाखवू नये, कडेला नुसता १ किंवा ओएल. दोन्ही बाजूंनी शून्याच्या जवळ आकडा आला तर प्लेट गेली. अख्खा अल्टरनेटर टाकायची गरज नाही. जळगाव-धुळ्याला अल्टरनेटर खोलून डायोड प्लेट आणि कटआऊट (रेग्युलेटर) बदलून देणारे कारागीर आहेत. पण प्लेट निघताना कॉइल काळी पडली आहे का ते दाखवायला सांगा.

मग मेन फ्यूज. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये सगळ्यांत मोठा, बहुधा वरून छोटी पारदर्शक खिडकी असते आणि आतली पट्टी तुटलेली दिसते. हा इतर फ्यूजसारखा चिमट्याने ओढू नका. बऱ्याच गाड्यांत तो खालून स्क्रूने आवळलेला असतो. ओढलात तर बॉक्स तुटेल आणि खर्चात भर पडेल. त्याच्यावर जेवढे अँपिअर छापलेत तेवढ्याचाच नवीन टाका. छोटे फ्यूजही एकेक काढून बघा. रंग ठरलेले असतात, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा सापडला तर समजा, तुमच्या आधी कुणीतरी तिथे हुशारी केलेली आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला फ्यूज मी आजही महिन्यातून एकदा तरी काढतो.

आता बल्बची युक्ती. ती दहा हजारांच्या मशीनपेक्षा मला जास्त प्यारी आहे. चावी बंद, दारं बंद. बोनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. प्लसची केबल बॅटरीला जोडा. मायनसची केबल जोडू नका. केबलचा क्लॅम्प आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये आपला बल्ब लावा. आता गाडीला जाणारा सगळा करंट या बल्बमधून जाणार, म्हणजे जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर. गाडीत कुठेही शॉर्ट राहिला असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि बाकी काही जळणार नाही. बल्ब विझलेला किंवा काजव्यासारखा असेल तर शॉर्ट नाही. लख्ख पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब मंद होईल ती लाईन आजारी. निम्म्या वेळा ती म्युझिक सिस्टीमची निघते. तिच्या आत पुरवठ्यावर एक डायोड मुद्दाम आडवा टाकलेला असतो, उलट करंट आला की तो स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचं वाचवतो. रेडिओ दुरुस्त करणारा जुना माणूस सापडला तर तो डायोड बदलायला फार खर्च येत नाही.

बल्ब शांत राहिला की सायकल ट्यूब काढा आणि अल्टरनेटरची वायर जागेवर आवळा. ही वायर आवळताना मायनस सोडलेला असू द्या, नाहीतर पाना बॉडीला लागून नवीन ठिणगी उडेल. पुन्हा बल्ब लावून बघा. आता पेटला तर मीटर काहीही म्हणो, अल्टरनेटर खोला.

हे सगळं पार पडलं तरच बल्ब काढून मायनस जोडायचा. चावी एक घर फिरवा, सेल्फ मारू नका. इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. दोन्ही झालं तर गुरुजी, तुमचा ईसीएम जिवंत आहे, घरी जाऊन बिनधास्त सांगा. पिवळा दिवा लागलाच नाही तरी चाळीस हजारांवर उडी मारायची नाही. आधी ईसीएमचा छोटा फ्यूज, मग मेन रिले, मग बॉडीला आवळलेले अर्थिंगचे नट बघा. मग स्कॅनर लावा. फ्यूज, रिले आणि अर्थिंग ठीक असूनही स्कॅनरला ईसीएम उत्तर देत नसेल, तेव्हा कुठे त्याचं नाव घ्या. स्टेअरिंगचा किंवा एअरबॅगचा दिवा चालू राहिला तर तेही स्कॅनरने वाचून घ्या. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या नळीत असतात. त्यांत मीटरची टोकं खुपसू नका, चुकून पिशवी फुटली तर तोंडावर फुटते.

गाडी सुरू झाली की बॅटरीवर मीटर धरा, १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १३ च्या आतच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. मग मीटर एसी व्होल्टवर आणा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा डायोड लंगडा आहे. लंगडा डायोड लगेच कळत नाही, तीन-चार दिवसांनी सकाळी बॅटरी उतरलेली सापडते आणि माणूस बॅटरीच्या दुकानदाराशी भांडायला जातो.

आता मुळाकडे येतो, कारण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "एक क्लॅम्प बसत नव्हता, फाकवून ठोकून बसवला." बॅटरीचे दोन खांब सारखे नसतात. प्लस जाड असतो, मायनस बारीक. क्लॅम्पही त्याच मापाचे. मायनसचा क्लॅम्प प्लसवर जातच नाही आणि प्लसचा मायनसवर सैल फिरतो. अंधारात, डोळे मिटूनही कळावं म्हणूनच हे केलेलं आहे. बॅटरी तुम्हाला नको नको म्हणत होती आणि तुम्ही तिला पान्याने गप्प केलंत. वर्गात पोराने असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते मी विचारत नाही.

तुमची एकट्याची चूक आहे असंही नाही. दुकानदाराने दिलेल्या बॅटरीचा नंबर जुन्या बॅटरीशी जुळवून बघा. शेवटच्या अक्षरात एल आणि आर असा फरक निघाला तर सगळा उलगडा होतो. माप तेच, किंमत तीच, फक्त खांबांची बाजू बदललेली. केबल मुद्दाम जेमतेम लांबीच्या ठेवलेल्या असतात, त्या सवयीने जुन्याच जागी जातात आणि तिथे आता दुसरा खांब असतो. त्यातून तुमच्या गाडीच्या प्लसवरची लाल टोपी कधीच हरवलेली असणार आणि कुणीतरी तिथे काळी टेप मारलेली असणार. पैज लावतो. बॅटरी बदलून घ्या आणि लाल टेप आणा.

पंधरा दिवसांत बॅटरी उतरली याचं नवल करू नका. झोपलेली गाडीसुद्धा घड्याळ, लॉक आणि ईसीएमसाठी २० ते ५० मिलिअँपिअर पीत असते. त्यात आपला मे महिना. बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते आणि दर दहा अंशांमागे तो वेग साधारण दुप्पट होतो. जळगाव-भुसावळचं ऊन ४५ च्या पुढे जातं, बोनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. पुढच्या वेळी गावाला जाताना मायनसचा क्लॅम्प तेवढा काढून ठेवा. गाडी लॉक किल्लीने करावी लागेल, एवढंच.

आणि कारागिराकडे जाल तेव्हा "बॅटरी उलटी लावली होती" हे पहिल्या वाक्यात सांगा. लोक लाजतात, "आपोआप बंद पडली" म्हणतात आणि मग त्या आपोआपचा शोध घ्यायचे दोन दिवसांचे पैसे भरतात.

प्रश्न : आप्पा, शेतात ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून पुतण्याने कारवरून जंपर केबल लावली. एका बाजूला लाल-काळं उलटं लागलं. केबल वितळली, बॅटरीचं एक झाकण उडालं. कुणाला लागलं नाही. नुकसान कोणाचं जास्त, कारचं की ट्रॅक्टरचं?
— केळी उत्पादक, यावल

उत्तर : भाऊ, पुतण्याचे डोळे वाचले हे आधी बघा, गाडी नंतर. उलट जोडलं की दोन्ही बॅटऱ्या एका रांगेत येतात आणि २४ व्होल्ट त्या केबलमध्येच जळतात. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो एका ठिणगीची वाट बघत असतो. अॅसिड डोळ्यात गेलं तर चोळत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि सरळ दवाखाना गाठा.

नुकसान कोणाचं हे बल्ब लावल्याशिवाय सांगता येणार नाही, दोन्हींची तपासणी वरच्यासारखीच करा. धोका कारला जास्त. तिच्यात नाजूक सामान जास्त आणि केबल देताना ती बहुधा चालू असते, म्हणजे चावीचं संरक्षणही नाही. ट्रॅक्टरचा रेग्युलेटर आणि डायोड प्लेट तपासली की बहुतेक काम संपतं. झाकण उडालेली बॅटरी दुरुस्त करू नका, भंगारात द्या, दुकानदार वजनावर पैसे देतो.

केबल लावायचा क्रम असा. लालचं एक टोक मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक मेलेल्या वाहनाच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी तिथे उडू द्या. खरं सांगू? ट्रॅक्टरसाठी कार जुंपूच नका. बॅटरी उचलून चार्जिंगला न्या.

प्रश्न : भाच्याची गाडी दोन वर्षं शेडमध्ये होती. बॅटरी पूर्ण मेलेली. घरच्या चार्जरवर रात्रभर लावली. सकाळी मीटर लावला तर उणे ११.८ व्होल्ट दाखवतो. मीटर नवीन आहे. माझं काही चुकतंय का?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : मीटर बरोबर आहे दादा, रात्री चार्जरचे चिमटे उलटे लागले. थोडी तरी जिवंत बॅटरी असती तर ठिणगी पडून कळलं असतं. ठार मेलेल्या बॅटरीच्या दोन्ही प्लेटांवर जवळजवळ एकच पांढरा गंधक-शिशाचा थर चढलेला असतो, म्हणून ती कशीही चार्ज होते. प्लसच्या प्लेटवर तपकिरी आणि मायनसच्या प्लेटवर राखाडी शिसं यायचं ते उलटसुलट आलं. आता गंमत अशी की खांबावर प्लस कोरलेलं आहे, खांब जाड आहे, क्लॅम्पही नीट बसेल आणि तरीही बॅटरी उलटी लागेल. अशी एक घटना मी चोपड्याला बघितली. तिथला मिस्त्री देवाची शपथ घेऊन सांगत होता की सरळ लावली, आणि तो खरं बोलत होता. म्हणून कुठलीही बॅटरी जोडण्याआधी मीटर.

ती पूर्ण उतरवून पुन्हा सरळ चार्ज करता येते, पण त्या प्लेटा त्या कामाच्या नव्हेत, फार चालत नाही. जाऊ द्या तिला.

प्रश्न : आजोबांचा फर्ग्युसन टीई-२० शेडमध्ये आहे. त्याच्या बॅटरीचा प्लस बॉडीला आवळलेला आहे. कुणीतरी उलटं केलंय का? सरळ करू का?
— शहादा

उत्तर : हात लावू नका! तो तसाच आहे. त्या काळी ब्रिटिश बनावटीच्या पुष्कळ गाड्या-ट्रॅक्टरांत प्लसच बॉडीला देत. त्यात डायनामो आणि कटआऊट, डायोड एकही नाही. तुम्ही "सरळ" केलंत की तीच उलटी बॅटरी होईल. मीटरपाशी एक पाटी लावून ठेवा, "प्लस बॉडीला", म्हणजे पुढच्या पिढीतला शहाणा थांबेल. आजच्या गाडीवरून त्याला केबल द्यायची नाही. केबल लावलेली असताना दोन्हींचं लोखंड एकमेकांना नुसतं टेकलं तरी शॉर्ट होतो.

प्रश्न : बॅटरी उलटी लागून स्कूटी बंद पडली. विमा किंवा वॉरंटी मिळेल का?
— एक भगिनी, चाळीसगाव

उत्तर : ताई, आशा धरू नका. गाडीच्या नेहमीच्या विम्यात इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो आणि चुकीच्या जोडणीला बॅटरीची वॉरंटी लागू होत नाही. पण स्कूटीला बहुधा बॅटरीजवळ एकच फ्यूज असतो, तो आधी बघा. तो बदलूनही पुन्हा उडाला तर रेग्युलेटर-रेक्टिफायर गेला, दोन बोल्ट आणि एक सॉकेट, तासाभराचं काम. एप्रिल २०२० नंतरची बीएस-सहा, इंजेक्शनची गाडी असेल तर तिच्यातही ईसीएम आहे. मग फ्यूज एकदाच बदलून बघा, दुसऱ्यांदा नको.

ता. क. : पारोळ्याच्या गुरुजींना अंक निघेपर्यंत थांबवणं बरं नव्हतं, म्हणून त्यांना हे सगळं आधीच फोनवर सांगितलं होतं. परवा त्यांचा फोन आला. मेन फ्यूज उडालेला होता. अल्टरनेटरची वायर जोडली तशी बल्ब लख्ख पेटला, डायोड प्लेट बदलली. आता १४.१ व्होल्ट दाखवतंय. म्युझिक सिस्टीम मुकी आहे. बॅटरीच्या नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळंच निघालं, दुकानदाराने कुरकुरत बदलून दिली. प्लसवरची टेप काळीच होती.